तिसऱ्या रिळातले ओठ

मावशीला जगात एकाच बाईचा राग होता, आणि ती बाई मरून तेवीस वर्षं झाली होती. आता मेलेल्या माणसावर कोणी इतकं जळतं का? पण मावशी जळायची. रीतसर, वेळ काढून, चहाचा कप समोर ठेवून जळायची. त्या बाईचं नाव घरात कोणी काढायचं नाही. काढायचंच झालं तर मावशी स्वतः काढायची, आणि ते नाव म्हणजे 'टवळी'.

टवळी नटी होती. मुक्या सिनेमातली. पडद्यावर माणसं हलायची पण बोलायची नाहीत, त्या काळातली. पन्नास वर्षांपूर्वी तिने एका सिनेमात ऑपेरा गाणाऱ्या गायिकेचं काम केलं होतं. गायिकेचा सिनेमा, आणि तोही मुका! "पोहण्याचा सिनेमा काढायचा आणि पाणी दाखवायचं नाही, तसलं ते थेर," असं मावशी म्हणायची. गोष्ट अशी होती की ही गायिका भरल्या थिएटरात गायला उभी राहते आणि ऐन रंगात तिचा आवाज जातो. पण मुळात आवाजच नसलेल्या सिनेमात आवाज गेला हे लोकांना कळणार कसं? दिग्दर्शकाने डोकं लढवलं. गायिका गाता गाता थांबते, गळ्यावर हात ठेवते, स्टेजच्या पुढे खाली बसलेल्या वादकांकडे वाकते आणि काहीतरी बोलते. पहिल्या रांगेतला व्हायोलिनवाला वाजवायचा थांबतो, मान वर करतो आणि तिला काहीतरी उत्तर देतो. तिसऱ्या रिळात. मोजून बारा सेकंद.

तो व्हायोलिनवाला म्हणजे मावशीचा नवरा.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्या काळी शूटिंग चालू असताना नटनट्यांना वेळेवर रडू यावं, वेळेवर प्रेम यावं, म्हणून कोपऱ्यात बसून कोणीतरी वाजवत राहावं लागे. मास्तर त्या कामावर होते. वय सव्वीस, केस कुरळे, बोटं लांबसडक. दिग्दर्शकाने त्यांना कोपऱ्यातून उचलून कॅमेऱ्यासमोर बसवलं. लग्नाला तेव्हा वर्षसुद्धा झालेलं नव्हतं.

ते सहा आठवडे मावशीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. मास्तर शिट्टी वाजवत घरी यायचे. कोटाच्या खांद्यावर पावडर असायची. "अगं, तिथे सगळ्यांनाच लावतात, कॅमेऱ्यासाठी," असं म्हणायचे. बरं, लावतात तर तोंडाला लावतील, खांद्याला कशाला लावतील? एकदा मावशी डबा घेऊन स्टुडिओवर गेली. दारवानाने डबा घेतला आणि तिला दारातूनच वाटेला लावलं. आतून व्हायोलिन ऐकू येत होतं आणि मध्येच एक बाई खळखळून हसली. ते हसू मावशी पन्नास वर्षं विसरली नाही. शूटिंग संपलं तेव्हा टवळीने सगळ्या वादकांना एकेक करडा मफलर दिला. मास्तरांनाही दिला. मावशीने आठवडाभरात तो उसवला आणि त्याचं पायपुसणं विणलं. ते पायपुसणं आठ वर्षं टिकलं. टवळीची लोकर चांगली होती, एवढं मात्र ती कबूल करायची.

सिनेमा लागला तेव्हा मावशीने तो तीनदा बघितला. लोक गायिकेसाठी डोळे पुसत होते आणि ही आपली त्या बारा सेकंदांसाठी श्वास रोखून बसलेली. तिन्ही वेळा तिने टवळीच्या तोंडावरची नजर हलू दिली नाही. टवळी वाकली, बोलली. मग पडद्यावर अक्षरं आली, "देवा! माझा आवाज गेला!" पण बोलायला लागलेला वेळ आणि ती अक्षरं यांचा काही मेळ बसेना. घरी येऊन तिने मास्तरांना सरळ विचारलं, "काय म्हणत होती हो ती तुम्हाला?"

"काही नाही गं. ताल मोजत होती. एक, दोन, तीन, चार."

"आणि तुम्ही?"

"मीही मोजत होतो."

आवाज गेलेली बाई ताल मोजत बसेल का? मावशीच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यावर भांडणं झाली, अबोला झाला, पुन्हा बोलणं सुरू झालं. उत्तर तेच. एक, दोन, तीन, चार.

दोन वर्षांनी सिनेमा कंपनीच्या गोदामाला आग लागली. ती जुनी फिल्म अशी पेटायची की विझवायला जाणाऱ्याने लांबूनच बघावं. टवळीचा सिनेमा त्यात गेला. एकूण एक रीळ गेलं. मावशीला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. शेजारणीला बोलावून तिने चहा पाजला. मग आठ दिवसांनी तिच्या लक्षात आलं की आता आपल्याला कधीच काही कळणार नाही, आणि तिचं पित्त नव्याने खवळलं.

त्याच्या पुढच्या वर्षी चिमणी आली.

चिमणी म्हणजे मावशीच्या बहिणीची मुलगी. बहीण तापाने गेली. त्याच तापाने चार वर्षांच्या पोरीचे कान नेले. मास्तरांना नि मावशीला मूल नव्हतं. तिने पोरीला उचलून घरी आणलं आणि तेव्हापासून मावशी सगळ्या गल्लीची मावशी झाली. बहिऱ्या मुलांच्या शाळेत एक कडक बाई होत्या. त्या ओठ वाचायला शिकवायच्या. पहिला धडा म, प आणि ब यांचा. ही अक्षरं म्हणताना ओठ एकमेकांना टेकतातच, कोणी कितीही पुटपुटलं तरी टेकतात, म्हणून लहान पोरांना ती आधी सापडतात. घरी आल्यावर मावशी आरशापुढे बसून चिमणीकडून घटवून घ्यायची. मामा, पापा, बाबा. मग घरी चल, हात धू, जेवायला ये. रोज दोन तास, वर्षानुवर्षं. शिकली चिमणी, पण शिकवणारीही बरंच शिकून बसली. समोरच्या घरात काचेआड भांडण लागलं की मावशी भाजी निवडता निवडता अर्धंअधिक भांडण सांगू शकायची. पुढे पुढे तर दोघी आवाज न करता नुसत्या ओठांनी बोलायला लागल्या. मास्तर पेपर वाचत बसलेले असायचे आणि त्यांना वाटायचं, आज घरात काय शांतता आहे! त्या शांततेत त्यांच्याबद्दल काय काय बोललं जायचं, ते त्यांना कळायचं कारणच नव्हतं. मास्तर ओठ वाचायला शिकले नाहीत. "मी मोठ्याने बोलतो की," असं म्हणायचे. बहिऱ्या मुलीशी मोठ्याने!

चिमणीला ओठ वाचताना बघून मावशीचा जीव किती वेळा चडफडला असेल! देवाने वाचणारी दिली, पण पुस्तक जळून गेल्यावर दिली.

अशी सत्तेचाळीस वर्षं गेली. चिमणी छापखान्यात खिळे जुळवायला लागली, उलटी अक्षरं सुलटी वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मास्तरांच्या बोटांना संधिवात झाला आणि व्हायोलिन कपाटावर गेलं. टवळी मेली, पेपरात चार ओळी आल्या. मावशीने त्या कापून त्यात शिळा पाव गुंडाळला. आणि मग एका मंगळवारी सकाळी पत्र आलं.

पत्र सिनेमा संग्रहालयाचं होतं. एक जुनं थिएटर पाडताना माळ्यावर पत्र्याचा डबा सापडला होता. त्यात त्या गायिकेच्या हरवलेल्या सिनेमाचं एक रीळ निघालं होतं. एकच, तिसरं. त्या सिनेमात काम केलेल्यांपैकी आपणच एकटे हयात आहात, तरी कृपया येऊन बघावं, अशी मास्तरांना विनंती होती.

मावशीने पत्र दोनदा वाचलं. "सात रिळांपैकी तिसरंच राहिलं," ती म्हणाली. "बघा, देव आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कशाला जायचं? जुनाट रीळ. डोळे फुटतील."

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय. नवा कोरा डोळा आहे. एवढ्याने फुटायचा नाही."

"बरं, जाऊ. दोघं जाऊ."

"तिघं. चिमणीने रजा टाकलीय."

आता बघा हं. चिमणी छापखान्यातून अजून घरीसुद्धा आलेली नव्हती, रजा कुठली टाकतेय? पण मावशीने ते म्हटलं आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा आठवलं असावं की आपल्या घरात एक ओठ वाचणारं माणूस आहे.

"तिला कशाला? तिथे जागा नसेल. लहान खोली असते ती."

"उभी राहील ती."

"छापखान्यात कामाचा रगाडा असेल—"

"अहो, ताल मोजताय ना तुम्ही त्यात? मग मोजताना दिसाल. त्यात एवढं घाबरायचं काय?"

त्या आठवड्यात मास्तरांना आधी खोकला झाला, मग पाठ धरली, मग शनिवारी चक्कर आली. मावशीने काढा दिला, पाठ चोळली, चक्करसाठी लिंबूपाणी दिलं आणि सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांना कोट घालून उभं केलं. मास्तरांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली होती. तेही तिने बघून ठेवलं. टवळीला भेटायला चाललेत जसे!

बसमध्ये मावशीने चिमणीला ओठांनीच बजावलं. "मला खरं हवं. जे असेल ते. माझी शपथ आहे तुला." चिमणी लहानपणापासून खोटं बोलली नव्हती. ज्याला दुसऱ्याच्या तोंडावरच सगळं जग वाचायचंय त्याला खोट्याचा भारी तिटकारा असतो. तिने मान हलवली, पण खिडकीबाहेर बघत हलवली.

संग्रहालयातली बाई तरुण आणि उत्साही होती. हातात पांढरे सुती मोजे, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. तिने मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि तिघांना एका बारक्या खोलीत नेलं. मधोमध एक टेबल होतं. दोन्ही बाजूंना दोन थाळ्या, एकीवर रीळ गुंडाळलेलं, आणि मध्ये वहीच्या पानाएवढी काच. हँडल फिरवलं की त्या काचेत चित्र हलायचं. पुढे नेता येई, मागे आणता येई, हवं तिथे थांबवताही येई. चारी माणसं त्या काचेभोवती खुर्च्या ओढून बसली. शेगडीभोवती बसतात तशी.

"ताईंना ओठ वाचता येतात?" चिमणीबद्दल कळल्यावर संग्रहालयाची बाई खुर्चीतून उठलीच. "अहो, मग तर सोन्याहून पिवळं! त्या काळी कलाकार कॅमेऱ्यासमोर काहीही बोलायचे. कोणी ऐकणारच नव्हतं ना! मला नोंदीत लिहायचंय, प्रत्यक्षात काय बोललं गेलं ते." तिने वही उघडली आणि पेन काढलं.

मास्तरांनी कपाळ पुसलं. खोलीत गारवा होता.

हँडल फिरलं. पडदे, झुंबर, माणसांनी खचाखच भरलेलं थिएटर. मग ती आली. पांढरा घोळदार झगा, डोळ्यांभोवती काजळ, तोंड उघडून गात होती. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. काय म्हणावं, मेली अजून पंचविशीचीच होती! इथे माझी मान लटपटायला लागली, गुडघे गेले, नि ही आपली तशीच्या तशी, कंबर मुठीत मावेल एवढी. मावशीला वाटलं, हा कसला न्याय?

टवळीचं तोंड मिटलं. हात गळ्यावर गेला. ती वाकली आणि बोलली. मावशीची नजर नेहमीप्रमाणे तिच्या तोंडावर खिळली. तिला एक शब्द मिळाल्यासारखा वाटला, 'घरी'. तो शब्द तिने स्वतः चिमणीपुढे दहा हजार वेळा म्हटला होता. बाकीचं निसटलं. मग अक्षरं आली, मग कोणीतरी बोललं, आणि दृश्य पुढे गेलं.

"पुन्हा दाखवा," मावशी म्हणाली.

संग्रहालयाच्या बाईने हँडल उलटं फिरवलं. टवळी मागे मागे सरळ झाली, गळ्यावरचा हात खाली गेला, आणि सगळं पुन्हा सुरू झालं. या खेपेला मावशीने बाजूला चिमणीकडे बघितलं. चिमणी काचेकडे बघत होती आणि तिच्या गालाचा रंग उतरत चालला होता. तो टवळीच्या वेळी उतरला नव्हता. टवळी बोलून झाल्यानंतर उतरला.

म्हणजे आपण पन्नास वर्षं भलत्याच तोंडाकडे बघत होतो की काय?

"ताई, काय म्हणतेय ती?" संग्रहालयाच्या बाईने विचारलं. चिमणीचं लक्ष नव्हतं. बाईने तिच्या हाताला हात लावून पुन्हा विचारलं.

चिमणीने मावशीकडे बघितलं नाही. मास्तरांकडेही बघितलं नाही. तिच्या सपाट, मोठ्या आवाजात ती म्हणाली, "मोजतेय. एक, दोन, तीन, चार."

"आणि व्हायोलिनवाले?"

"तेही मोजतायत. एक, दोन, तीन, चार."

मास्तरांनी सोडलेला श्वास सगळ्या खोलीला ऐकू आला. "मी म्हणत होतो ना!" ते हसायला लागले. "पन्नास वर्षं सांगतोय हिला! अहो, पन्नास वर्षं!" संग्रहालयाची बाईही हसली आणि लिहायला लागली.

"एकदा अजून," मावशी म्हणाली. "माझ्या नव्या डोळ्यासाठी. सावकाश फिरवा."

आता तिने टवळीकडे ढुंकूनही बघितलं नाही. मास्तर आले तशी ती पुढे झुकली. केवढा तरुण होता मेला! कुरळे केस, हनुवटीखाली व्हायोलिन, आणि कांजी केलेला पांढरा शर्ट. कांजी तिने केली होती. शर्टाचं दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं दिसत होतं. त्या दिवशी सकाळी बटण तुटलं आणि पांढरा दोरा संपलेला, मास्तर दारात उभे राहून "लवकर, लवकर" करत होते, म्हणून तिने हाताला लागला त्या काळ्या दोऱ्याने टाके घातले होते आणि दाताने दोरा तोडला होता. दोरा तोडताना तिचं नाक त्यांच्या छातीला लागलं होतं. सगळं आठवलं.

त्या बटणाच्या वर मास्तरांचे ओठ हलले. आणि शेवटी मिटले. एकदाच, अगदी टेकून.

एक, दोन, तीन, चार म्हणताना ओठ कुठेच टेकत नाहीत. चार वर्षांच्या चिमणीलाही ते ठाऊक होतं.

एकावन्न वर्षं मावशीने त्या ओठांतून चहा माग, चष्मा माग, मीठ माग एवढंच ऐकलं होतं. त्यांचं वळण तिला पाठ होतं. ते ओठ काय म्हणाले ते तिला चिमणीला विचारावं लागलं नाही. काचेतल्या मास्तरांनी मान वर केली, डोळे मिश्किल केले आणि म्हणाले, "घरी कोण आहे माझं?"

"झालं?" संग्रहालयाच्या बाईने विचारलं.

"झालं," मावशी म्हणाली. "छान दिसतंय. बटणसुद्धा दिसतंय."

बाईने वही पुढे केली. 'गायिका व वादक दोघेही ताल मोजत आहेत,' असं लिहिलं होतं. साक्षीला सही हवी होती. मास्तरांनी झोकात सही केली. वाकड्या बोटांनी इतकी सुंदर सही त्यांनी दहा वर्षांत केली नव्हती.

येताना मास्तर थांबायचं नाव घेईनात. दिग्दर्शक कसा तापट होता, झुंबर कसं पुठ्ठ्याचं होतं, कॅमेरेवाला कसा तंबाखू थुंकायचा. बसमधल्या अनोळखी माणसालाही त्यांनी सांगितलं की आम्ही सिनेमात आहोत. मावशी मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. चिमणी मागच्या सीटवर जाऊन बसली होती, कारण मागे बसलं की तोंड दिसत नाही.

घरी आल्यावर मास्तर खुर्चीत टेकले आणि त्यांनी चहा मागितला. मावशी स्वयंपाकघरात गेली. चिमणी आधीच तिथे उभी होती, ओट्याकडे तोंड करून, नसलेली भांडी विसळत. मावशीने तिला खांद्याला धरून वळवलं.

"खोटं बोललीस," मावशी म्हणाली. ओठांनीच. आवाज नाही.

चिमणीचे डोळे भरले. "ते लिहून घेत होती ती बाई. कायमचं."

"बरं केलंस. त्यांचं मी वाचलंय. तिचं राहिलं. तिचं सांग."

"राहू दे ना."

"माझी शपथ अजून उतरलेली नाही."

चिमणीने दाराकडे बघितलं. बाहेर मास्तर शिट्टी वाजवत होते. पन्नास वर्षांपूर्वीची शिट्टी. मग तिने एकेक शब्द सुटा करून, लहानपणी मावशी तिच्यासाठी करायची तसा, ओठांवर मांडला. "आज उशीर होईल. घरी सांगून आलास ना?"

मावशीने ते पुन्हा मांडायला लावलं. पुन्हा तेच. घरी सांगून आलास ना?

चहाला उकळी आली, वर आली, उतू गेली. मावशी बघत उभी राहिली. त्या सहा आठवड्यांत, त्या पुठ्ठ्याच्या झुंबराखाली, या घराची आठवण एका माणसाने काढली होती, आणि ते माणूस टवळी होतं. जिचं नाव घरात घेऊ दिलं नाही, जिच्या मफलरावर आठ वर्षं पाय पुसले, जिच्या मरणाच्या बातमीत पाव गुंडाळला, तिने विचारलं होतं. आणि उत्तर देणारा बाहेर बसून चहाची वाट बघत होता.

एवढं वर्षानुवर्षं जपलेलं जळणं, आता ते ठेवायचं कुठे? मावशीला क्षणभर हसूच आलं. आणि मग अंगातून असा काही संताप उठला की तिला ओट्याची कड धरावी लागली. हा संताप नवा कोरा होता. तिच्या डोळ्यासारखा.

तिने शेगडी पुसली, दुसरा चहा ठेवला, गाळला, कप बशीत ठेवून बाहेर आणला. मास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसली. एरवी ती बाजूला बसायची.

"काय गं," मास्तर खुशीत म्हणाले, "झालं ना समाधान? निघालं ना डोक्यातून ते खूळ?"

मावशीने त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि आवाज न करता, स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "घरी कोण आहे तुमचं?"

मास्तरांनी कान पुढे केला. "आँ? काय म्हणालीस?"

तिने पुन्हा विचारलं. तसंच.

"अगं, मोठ्याने बोल. माझे कान गेले की काय!" मास्तर हसले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात चिमणी उभी होती. तिच्याकडे बघून ते नेहमीसारखे ओरडले, "काय म्हणतेय गं ही?"

चिमणीने मावशीकडे बघितलं. मावशीने मान हलवली. सांग.

चिमणी म्हणाली, त्याच सपाट आवाजात, ज्यात सकाळी तिने आकडे मोजले होते, "मावशी विचारतेय, घरी कोण आहे तुमचं?"

मास्तरांच्या हातातला कप कलला. चहा कोटावर सांडला, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी एकदा चिमणीकडे बघितलं, एकदा मावशीकडे. त्यांचा हात गळ्यापाशी गेला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज काही फुटेना.

समोर बसलेली आणि दारात उभी असलेली, दोघी त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होत्या. दोघींनाही वाचता येत होतं. ओठ नुसतेच हलत होते, त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं.